नाती मोजणाऱ्या नगरपालिका

मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ साली दोन घरांविषयीच्या एका खटल्याचा निकाल लागला. राज्याची राजधानी लॅन्सिंग; तिला पश्चिमेकडून लागून डेल्टा टाऊनशिप आहे. तिथल्या, एका घरात एकच कुटुंब राहावे असा नियम असलेल्या भागात ही घरे होती. प्रत्येक घरात एक जोडपे, त्यांची मुले आणि त्यांच्याखेरीज सहा अविवाहित प्रौढ माणसे राहत. सगळी एका ख्रिस्ती धर्मसमूहाची. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना करणे, एकच संसार चालवणे हा आपल्या श्रद्धेचाच भाग आहे आणि आपण इथे कायमचे राहणार आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. टाऊनशिपचा नियम वेगळे सांगत होता. रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेल्या माणसांशिवाय घरात आणखी एकच व्यक्ती राहू शकत होती. याचा अर्थ असा की त्याच घरात त्या जोडप्याची आणखी सहा सज्ञान मुले राहत असती, किंवा सहा आतेभाऊ-मामेभाऊ मुक्कामाला आले असते, तर कुणालाही हरकत घेता आली नसती. गोंगाट, गर्दी, रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या यांचा रक्ताच्या नात्याशी काय संबंध, असा प्रश्न न्यायालयाने विचारला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि नियमाचा तो भाग टिकला नाही.

अमेरिकेच्या उपनगरांत मठ, धर्मबंधूंची निवासस्थाने, धार्मिक शाळांची वसतिगृहे, घरातल्या घरात भरणारे सत्संग यांवरून असे खटले गेली सत्तर वर्षे चालू आहेत. सामान्यतः ते श्रद्धा विरुद्ध शेजार असे मांडले जातात: एका बाजूला धर्मस्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला शांत गल्लीत राहण्याचा हक्क. माझ्या मते या मांडणीत खरा दोष झाकला जातो. दोष नियमाच्या बांधणीत आहे. नगरपालिकेला घरातली माणसे मोजण्याचा अधिकार आहे, असलाच पाहिजे. त्या माणसांची एकमेकांशी असलेली नाती तपासण्याचा अधिकार तिला नसावा. हा फरक जिथे पाळला गेला तिथे धार्मिक निवासाचे भांडण बरेचसे आपोआप निवळले. जिथे पाळला गेला नाही तिथे धर्माला खास सवलत द्यावी लागली आणि त्या सवलतीतून नवी भांडणे उभी राहिली.

हा नियम आला कुठून, ते आधी पाहायला हवे. जमिनीच्या वापराचे पट्टे पाडणे, म्हणजे झोनिंग, ही अमेरिकेत विसाव्या शतकात रुजलेली गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९१६ साली फक्त एकेकट्या कुटुंबाच्या घरांसाठी वेगळा पट्टा ठरवला. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहराने आपली सर्वंकष नियमावली केली. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, लुईव्हिल शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा कायदा रद्द केला. उघड वंशभेदाची वाट बंद झाल्यावर घराचा प्रकार आणि भूखंडाचा आकार यांची वाट अधिक वापरात आली. १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंगला घटनात्मक मान्यता दिली. त्या निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी भाड्याच्या सदनिकांची इमारत ही जवळजवळ उपद्रवच ठरते, अशा आशयाचा विचार आहे. कारखान्याचा धूर घरांपासून दूर ठेवणे वेगळे आणि विशिष्ट प्रकारे राहणारी माणसे दूर ठेवणे वेगळे. युक्लिडच्या निकालाने या दोन्ही गोष्टी एकाच अधिकारात बसवल्या. आज अनेक अमेरिकन शहरांत निवासी जमिनीपैकी सुमारे तीन चतुर्थांश जमीन केवळ एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरांसाठी राखलेली आहे. तेव्हा ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचे, ही व्याख्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या कलमाची बाब राहत नाही. शहराचा मोठा भाग कुणासाठी खुला आणि कुणासाठी बंद, हे तिच्यावर ठरते.

या व्याख्येला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो १९७४ साली. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर बेल टेर नावाचे छोटे व्हिलेज आहे. तिथे एक घर सहा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी भाड्याने घेतले होते. नात्याने जोडलेली कितीही माणसे एका घरात चालतील, नाते नसेल तर जास्तीत जास्त दोन, असा बेल टेरचा नियम. सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. मोकळी अंगणे, कमी माणसे, कमी वाहने असलेली शांत वस्ती राखणे हे गावाचे उचित उद्दिष्ट आहे, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिले. उद्दिष्ट उचितच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साधनाबद्दल, आणि न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या विरोधी मतात तोच दाखवला: या नियमाप्रमाणे डझनभर नातेवाईक एका लहानशा बंगलीत दाटीवाटीने राहू शकतात, आणि शेजारच्या प्रशस्त वाड्यात मात्र तीन निवृत्त वृद्धांना एकत्र राहता येत नाही. उदाहरण काल्पनिक होते, पण फार काळ काल्पनिक राहिले नाही. बेल टेर ज्या ब्रुकहेवन टाऊनमध्ये येते, त्याच टाऊनच्या अशाच एका नियमाखाली पाच वृद्ध स्त्रियांच्या सहनिवासाचा प्रश्न न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयापुढे गेला, आणि १९८९ साली त्या न्यायालयाने राज्यघटनेच्या आधारे तो नियम मोडीत काढला.

बेल टेरनंतर तीनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला स्वतःलाच या तर्काची मर्यादा आखावी लागली. ओहायोतल्या ईस्ट क्लीव्हलंड शहराने कुटुंबाची व्याख्या इतकी आवळली होती की एक आजी आपला मुलगा आणि दोन नातू यांच्यासह राहते हाच गुन्हा ठरला, कारण ते दोन नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नसून चुलतभाऊ होते. त्यांच्यापैकी एकाची आई तो तान्हा असतानाच वारली होती, म्हणून तो आजीकडे आला होता. आजीला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. आजी, काका, चुलतभावंडे यांनी एका छताखाली राहण्याची परंपरा आई-बाप-मुले या चौकटीइतकीच जुनी आणि आदरणीय आहे, असा निकालाचा गाभा. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी त्यात भर घातली: स्थलांतरितांनी आणि कृष्णवर्णीयांनी अशाच मोठ्या कुटुंबांच्या बळावर हलाखीचे दिवस काढले आहेत, आणि सुखवस्तू गोऱ्या उपनगराची राहणी सरकारने त्यांच्यावर लादू नये. एकत्र कुटुंब पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला हा निकाल वेगळा समजावून सांगायला नको. मात्र त्यात एक रेघ ओढलेली आहे. ज्यांना रक्ताचे नाते दाखवता येते त्यांना संरक्षण मिळाले. ज्यांचे नाते व्रताचे, गुरुबंधुत्वाचे किंवा समान साधनेचे आहे ते बेल टेरच्या बाजूलाच राहिले.

धार्मिक समूहांच्या बाबतीत या रेघेचा अर्थ काय होतो, ते व्याख्येतल्या लहानशा फरकावरून कळते. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकीजवळ व्हाइटफिश बे हे उपनगर आहे. तिथे ला सॅलेट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आणि धर्मबंधू एका घरात राहू लागले, तेव्हा गावाने हरकत घेतली. पण त्या गावच्या नियमात कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, झोपणारी, रांधणारी, जेवणारी, एकच घरसंसार असलेली माणसे, एवढेच म्हटले होते. १९५४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या व्याख्येत धर्मबंधू बसतात. धर्मस्वातंत्र्याचा मोठा सिद्धान्त मांडण्याची वेळच आली नाही. न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डच्या नियमात मात्र नाते नसलेल्या चारपेक्षा जास्त माणसांना एका घरात मनाई होती. तिथे एक प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक आपल्या बायको-मुलींसोबत दुसऱ्या एका मुलेबाळे असलेल्या स्त्रीला घरात घेऊन, श्रद्धेतून स्वीकारलेले विस्तारित कुटुंब म्हणून राहत होता. त्याला दंड झाला आणि प्रकरण वरपर्यंत गेले. १९७९ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रद्द केला. मला या निकालात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यातला पर्याय. गर्दीची भीती असेल तर घराचे क्षेत्रफळ, झोपायच्या खोल्या, न्हाणीघरे यांच्या हिशेबाने माणसांची मर्यादा ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी लावा, असे न्यायालयाने गावाला सांगितले. गावाच्या हातचे साधन काढून घेतले, तेव्हा त्याच कामाचे अधिक नेमके साधन त्याच्या हातात दिले.

हाच भेद १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही दुसऱ्या संदर्भात मांडला. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहरात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून सावरणारे दहा-बारा प्रौढ एका घरात राहत होते. शहराचा नियम नेहमीचाच: नातेवाईक कितीही, बिननात्याचे पाचपर्यंत. घरांच्या बाबतीत भेदभाव रोखणाऱ्या केंद्रीय समान गृहनिवास कायद्यात माणसांच्या कमाल संख्येच्या नियमांना सूट आहे, आणि आमचा नियम त्या प्रकारचा आहे, असा शहराचा दावा होता. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने तो फेटाळला. जो नियम आरोग्य आणि सुरक्षेसाठी घरातली एकूण गर्दी रोखतो तो वेगळा आणि जो वस्तीचे ‘कौटुंबिक’ स्वरूप राखण्यासाठी माणसांचे नाते विचारतो तो वेगळा, असे निकालाचे सूत्र. एडमंड्सकडे पहिल्या प्रकारचा नियमही होताच. झोपायच्या खोलीला किमान ७० चौरस फूट, दोनपेक्षा जास्त माणसे असतील तर दरडोई आणखी ५० चौरस फूट, असे प्रमाण त्या शहराने स्वीकारलेल्या गृहसंहितेत होते. तो नियम मावशी आणि संन्यासिनी यांच्यात भेद करत नाही. आग लागली तर दोघींनाही त्याच दारातून बाहेर पडायचे आहे.

प्रश्न फक्त मुक्कामाचा असता तर एवढ्यावर भागले असते. धार्मिक निवासात राहणे आणि उपासना वेगळी काढता येत नाही, म्हणून दुसरा पेच पडतो: घरी भरणारी प्रार्थनासभा. फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीत एका रब्बीने राहत्या घरात नियमित उपासना चालवल्याबद्दल दररोज ५० डॉलर दंड सुरू झाला. खटल्यात अधिकाऱ्यांनी सांगितले की तितकीच माणसे तितक्याच वेळा फुटबॉलचा सामना पाहायला किंवा बालवीरांच्या बैठकीला जमली असती तर नियमभंग झाला नसता. साहजिकच २००५ साली अपील न्यायालयाने ही असमान वागणूक ठरवली. कनेक्टिकटमधल्या न्यू मिलफर्ड गावात, एका बंद गल्लीतल्या घरात रविवारी भरणाऱ्या प्रार्थनेला गावाने २५ माणसांची मर्यादा घातली. ते प्रकरण मात्र, आधी गावच्या अपील मंडळाकडे जायला हवे होते, या कारणावरून अडले. न्यू जर्सीच्या फ्रँकलिन टाऊनशिपमध्ये एका धर्मोपदेशकाने आपल्या छोट्या मंडळीची उपासना घरी घेतली, तेव्हा १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘चर्च आणि तत्सम उपासनास्थळे’ हे शब्द घरगुती उपासनेला लावण्याइतके स्पष्ट नाहीत, असा निर्णय दिला. न्यू जर्सीच्या अशाच उपनगरांत आज कितीतरी मराठी घरे आहेत. गणपतीतल्या आरत्या, सत्यनारायण, महिन्याचे भजन तिथे घरच्या दिवाणखान्यातच होते. त्या घरांना हे निकाल परक्याचे वाटू नयेत. तिथेही विचारायला हवे ते एवढेच: किती गाड्या, किती वाजेपर्यंत, किती आवाज. कशासाठी जमलात, हा प्रश्न नगरपालिकेचा नव्हे.

आता सवलतीकडे वळू. १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालय आणि संसद यांच्यात धर्मस्वातंत्र्याच्या व्याप्तीवरून ओढाताण झाली. टेक्सासमधल्या बर्नी गावात एका कॅथलिक चर्चला इमारत वाढवायची होती, ऐतिहासिक परिसराच्या नियमाने ती अडली, आणि त्या खटल्यात १९९७ साली न्यायालयाने संसदेचा १९९३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा राज्यांपुरता निष्प्रभ केला. त्यावर संसदेने २००० साली धार्मिक जमीन-वापर आणि बंदिवासातील व्यक्ती यांच्यासाठी नवा कायदा केला. अध्यक्ष क्लिंटन यांनी २२ सप्टेंबर २००० रोजी त्यावर सही केली. झोनिंगच्या नियमाने धर्माचरणावर मोठा भार पडत असेल तर सरकारला अत्यंत निकडीचे कारण दाखवावे लागेल, धार्मिक संस्थेला बिगरधार्मिक संस्थेपेक्षा वाईट वागवता येणार नाही, धर्माधर्मांत भेद करता येणार नाही, असे त्याचे स्वरूप. या कायद्याची गरज किती खरी होती ते कॅलिफोर्नियाच्या सटर काउंटीत दिसले. युबा सिटी परिसरात पंजाबी शीख शेतकरी पिढ्यानपिढ्या राहतात. जास्तीत जास्त ७५ माणसांच्या गुरुद्वाऱ्यासाठी त्यांच्या एका संस्थेने निवासी भागात सुमारे दोन एकर जागा पाहिली. आवाज आणि वाहतूक या कारणांवरून परवानगी नाकारली गेली. मग त्यांनी शेतजमिनीच्या भागात अठ्ठावीस एकरांहून मोठी जागा घेतली, आवाज आणि वाहतुकीबाबत घातलेल्या अटी मान्य केल्या. तीही नाकारली, या वेळी कारण की वस्तीपासून ती फार दूर आहे. घरांजवळ नको, घरांपासून दूरही नको, असे म्हटल्यावर जायचे कुठे? २००६ साली अपील न्यायालयाने हा मोठा भार असल्याचे मान्य केले आणि काउंटी हरली.

तरीही हा कायदा मला मूळ रोगावरचा इलाज वाटत नाही. त्यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे: धार्मिक समूहाला जे मिळते ते इतरांना का मिळू नये? डेल्टातल्या धर्मसमूहाला आज या कायद्याचा आधार मागता येईल. एडमंड्समधल्या माणसांना समान गृहनिवास कायद्यातल्या अपंगत्वाविषयीच्या तरतुदीचा आधार मिळाला. पण तीन विधवा मैत्रिणींनी म्हातारपणी एकत्र राहायचे ठरवले, तर त्यांच्याकडे ना धर्म आहे ना आजार. बेल टेरसारख्या नियमापुढे त्या निराधार आहेत. शिवाय सवलत द्यायची तर कुणाची श्रद्धा खरी, कुणाचे एकत्र राहणे धर्माचा भाग आणि कुणाचे सोयीचे, हे न्यायाधीशाला ठरवावे लागते, आणि ते काम कुठल्याही न्यायालयाला शोभत नाही. सवलत टिकवायला हवी, कारण भेदभाव खराच होतो. पण सवलतीची गरज वारंवार पडते यावरून मूळ नियमाचे परीक्षण व्हायला हवे होते, आणि ते फार उशिरा झाले.

परीक्षण न झाल्याचे परिणाम न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला, रॉकलंड आणि ऑरेंज काउंटीत सर्वांत ठळक दिसतात. सात्मार हा हसिदी ज्यूंचा पंथ. मूळचा आजच्या रुमानियातल्या सातू मारे शहरातला. नाझी संहारातून वाचलेले त्याचे अनुयायी रब्बी योएल टाइटलबाउम यांच्याभोवती ब्रुकलिनमध्ये जमले, आणि १९७० च्या दशकात त्यांनी ऑरेंज काउंटीतल्या मन्रो टाऊनमध्ये जमीन घेतली. मोठी कुटुंबे, शब्बाथला वाहन चालवणे वर्ज्य असल्याने सिनेगॉग पायी जाण्याच्या अंतरावर हवे, मुलांच्या शाळा जवळ हव्यात. त्यांच्या या जीवनक्रमाला दाट वस्तीच सोयीची. मन्रोचे झोनिंग त्याच्या नेमके उलट होते. वाद पेटला. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे रहिवाशांना अर्ज करून वेगळे व्हिलेज स्थापता येते. सात्मारांनी तो मार्ग धरला. त्यांच्याबरोबर वेगळे व्हायची इच्छा नसलेल्या शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला, आणि शेवटी हद्द अशी आखली गेली की फक्त सात्मारांच्या मालकीची ३२० एकर जमीन तिच्यात आली. १९७७ साली किर्यास योएल जन्माला आले. १९९४ च्या सुमारास तिथे साडेआठ हजार लोक होते. २०२० च्या जनगणनेत सुमारे ३३,०००. २०१९ च्या आरंभी ते पाम ट्री नावाचे स्वतंत्र टाऊनही झाले. धर्माच्या रेषेवर आखलेले गाव अमेरिकेत व्हावे हे कुणालाच रुचणारे नाही, मलाही नाही. पण त्या हद्दीचा उगम जमीन-वापराच्या वादात आहे, हे विसरता येत नाही. मन्रोच्या नियमांत काही दाट वस्तीला जागा असती तर तिथले सात्मार आणि बिगर-सात्मार एकाच टाऊनमध्ये, एकमेकांच्या मतांवर अवलंबून राहिले असते.

शेजारच्या रॉकलंड काउंटीतल्या रामापो टाऊनमध्ये हेच हत्यार उलट्या दिशेने चालले. तिथल्या काही रहिवाशांनी १९९१ साली एअरमाँट नावाचे व्हिलेज वेगळे काढले. घरातल्या सिनेगॉगला झोनिंगच्या जोरावर अटकाव करून ऑर्थोडॉक्स ज्यूंना बाहेर ठेवावे हा त्यामागचा हेतू होता, असे खटल्यात सिद्ध झाले आणि १९९५ साली अपील न्यायालयाने ते उचलून धरले. रामापोतल्याच पोमोना व्हिलेजमध्ये एका संस्थेने २००४ साली सुमारे १०० एकर जमीन घेतली. रब्बींचे महाविद्यालय आणि तिथे शिकणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी निवास बांधायचा होता. पोमोना म्हणजे जवळजवळ एकेका एकराच्या भूखंडावरची स्वतंत्र घरे. गावाने वसतिगृहांबाबत आणि पाणथळ जमिनीबाबत असे नियम केले की प्रकल्प उभाच राहू नये. दीर्घ खटल्यानंतर २०१९ साली अपील न्यायालयाने २००७ चे दोन नियम धार्मिक आकसातून केलेले ठरवले. आधीच्या नियमांबाबत मात्र गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यू जर्सीतल्या जॅक्सन टाऊनशिपने २०१७ साली वसतिगृहांवर बंदी घातली, तेव्हा केंद्राच्या न्याय खात्याने २०२० मध्ये खटला भरला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. इतकी वर्षे आणि इतका सार्वजनिक पैसा खर्चून या गावांनी काय मिळवले? पोमोनाला शंभर एकरांवर किती घरे पेलतात, पाणी आणि सांडपाण्याची सोय काय, रस्ता किती रुंद, असे प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क होता. तो हक्क आकसाच्या छायेखाली गेला.

शेजाऱ्यांच्या बाजूने जे म्हटले जाते ते हलके नाही. आयुष्यभराची बचत घालून, तीस वर्षांचे कर्ज काढून माणूस घर घेतो, ते त्या गल्लीचे स्वरूप पाहून. नियम बदलला तर त्याच्याशी केलेला अलिखित करार मोडला असे त्याला वाटते. ही भावना मी खरी मानतो. पण त्याला नेमके कशाचे आश्वासन होते? शांततेचे, मोकळ्या रस्त्याचे, स्वच्छ अंगणाचे असेल, तर ते आवाजाच्या, पार्किंगच्या, बांधकामाच्या नियमांनी पाळता येते. शेजारी विशिष्ट प्रकारचेच असतील, असे आश्वासन द्यायचा अधिकार कुठल्याही गावाला कधीच नव्हता. दुसरा आक्षेप घरमालकांविषयीचा: नात्याची अट काढली की नफेखोर मालक खोल्या पाडून प्रत्येक पलंगाचे भाडे घेतील आणि ‘कुटुंब’ म्हणून मिरवतील. विद्यापीठांच्या गावांत हे घडतेही. तिथे भाड्याच्या घरांना परवाना, वार्षिक तपासणी, चौरस फुटांची मर्यादा यांचा उपयोग होतो. नात्याच्या अटीने मात्र त्या मालकाला फारसा अडथळा होत नाही. भाडेकरूंची नावे लपवली की झाले, आणि लपून राहणारा भाडेकरू धोक्याच्या वायरिंगची तक्रारही करत नाही. रॉकलंडमध्ये घरांत बेकायदा खोल्या पाडल्या गेल्याची चिंता अग्निशमन दलातले लोक पुन्हा पुन्हा मांडतात. त्यांची चिंता नात्यांची नाही, बाहेर पडायच्या वाटांची आहे, आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. धर्माच्या नावावर अग्निसुरक्षेतून कुणालाही सुटका मिळता कामा नये.

सर्वांत अवघड आक्षेप सत्तेचा आहे. एखादा समूह संख्येने वाढला की गावाचे मतदान, शाळामंडळ, कर सगळे त्याच्या हाती जाते. रामापोतल्या ईस्ट रामापो शाळा-जिल्ह्यात हे घडले. तिथे बहुसंख्य मुले खासगी धार्मिक शाळांत जातात, सरकारी शाळांतली मुले प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, आणि शाळामंडळाचे बहुमत मात्र ज्यांची मुले सरकारी शाळेत नाहीत अशांचे झाले. सरकारी शाळांतले शिक्षक आणि उपक्रम कापले गेले. ही हानी मुलांची झाली, आणि तिच्याकडे डोळेझाक करून धार्मिक निवासाची बाजू घेणे अप्रामाणिक ठरेल. पण त्यावरचा उपाय कुठून आला? २०२० साली केंद्रीय न्यायालयाने, संपूर्ण जिल्ह्याच्या एकत्रित मतदानातून मंडळ निवडण्याची पद्धत मतदान-हक्क कायद्याचा भंग करते, असा निर्णय दिला आणि विभागवार निवडणुका आल्या. अपिलातही तो टिकला. शाळेवरच्या अन्यायाला मतदानाचा कायदा होता. करमाफी जास्त वाटत असेल तर करकायदा आहे. घरात किती माणसे कोणत्या नात्याने राहतात या एका कलमावर या सगळ्या तक्रारी लादल्या की एकही तक्रार धड निवारली जात नाही, आणि उद्देश भलता असल्याचे न्यायालयात उघडे पडते.

अलीकडे काही राज्यांनी मूळ नियमालाच हात घातला आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांता बार्बराच्या खटल्यात नात्याची अट खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली होती. आयोवाने २०१७ साली भाड्याच्या घरांपुरते, ओरेगन आणि वॉशिंग्टनने २०२१ साली, कोलोरॅडोने २०२४ साली कायदे करून, नात्यावर आधारलेल्या मर्यादा घालायला गावांना आणि शहरांना मनाई केली. आरोग्य आणि सुरक्षेचे निकष शाबूत ठेवले. हे कायदे धर्मासाठी केलेले नव्हते. घरांची टंचाई आणि वाढलेली भाडी हे त्यांचे कारण. तरी त्यांच्यामुळे या राज्यांत सहा धर्मभगिनींच्या घराला स्वतंत्र संरक्षणाची गरज उरत नाही, आणि सहा विद्यार्थ्यांच्या घरालाही नाही. बेल टेरचा निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयाने अजून फिरवलेला नाही. राज्याने स्वतः मनाई केली नसेल तर गावे आजही त्याचा आधार घेतात. आणि एक मोठे क्षेत्र अजून बहुतांशी बाहेरच आहे: घरमालक संघांचे खासगी करार. २००० चा कायदा फक्त सरकारी नियमांना लागू होतो. खरेदीखतातल्या ‘एकाच कुटुंबासाठी’ या अटीला तो लागू नाही. अशा अटीत धर्मावरून भेदभाव असेल तर समान गृहनिवास कायदा पुढे करता येतो, पण केवळ नाते नाही म्हणून बाहेर पडावे लागणाऱ्याला तोही पुरत नाही. नव्याने वसणाऱ्या उपनगरांत असे संघ वाढत आहेत, आणि पुढचे खटले बहुधा तिथूनच येतील.